रविवारचं एक तिकीट, अख्ख्या घराचं

मा. महाव्यवस्थापक,
बेस्ट उपक्रम, बेस्ट भवन, कुलाबा, मुंबई यांस,



पत्र तक्रारीचं नाही. बस वेळेवर आली नाही, कंडक्टर उद्धट बोलला, खिडकी सरकत नव्हती, यातलं काहीही पुढे येणार नाही. मला एक तिकीट हवंय आणि ते तुमच्याकडे अजून निघत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी दिंडोशीला नागरी निवाऱ्यात राहते. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत या मंडळींनी कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या जमिनीसाठी सरकारशी भांडून जी वसाहत उभी केली, तीच ही. सासूबाई अजून सांगतात की घर मिळालं तेव्हा आजूबाजूला डोंगर आणि झाडी सोडून काही नव्हतं. आता खाली मेट्रो आहे, मॉल आहे, कोर्ट आहे आणि तुमचा दिंडोशी डेपो आहे. घरात माणसं पाच. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. मुलांना सुट्टी लागली की पहिले चार दिवस कार्टून, पाचव्या दिवशी भांडण आणि सहाव्या दिवसापासून सकाळी दात घासायच्या आधी एकच घोष: कुठेतरी जाऊया ना.

कुठेतरी म्हणजे कुठे, हे मुलांना ठाऊक नसतं. खर्च किती, हे आम्हाला ठाऊक असतं. एकदा एका मॉलमधल्या खेळघरात नेलं. रंगीत चेंडूंचा हौद, घसरगुंडी, रबरी पायऱ्या. दोघांचे तासाचे आठशे मोजले. आत सोडताना कळलं की मोजे सक्तीचे, तेही त्यांच्याचकडून घ्यायचे. तास संपला तेव्हा धाकटा चेंडूंत दडून बसला होता आणि त्याला बाहेर काढायला त्याच्या बाबांनाही मोजे घ्यावे लागले! ते तीन जोड अजून कपाटात आहेत, कोणाच्याच पायात बसत नाहीत.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं की राणीच्या बागेत जायचं. सासूबाईंचे गुडघे म्हणाले, मी घरीच बरी, त्यामुळे आम्ही चौघं. सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, दाण्याची चटणी डब्यात भरली, पाण्याच्या तीन बाटल्या, एक जुनी चादर, धाकट्याचे जास्तीचे कपडे. दिंडोशीहून बसने मालाड स्टेशन, मालाडहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग भायखळा. रविवार होता, म्हणून आदल्या रात्रीच मेगाब्लॉक कुठे आहे ते पेपरात पाहून ठेवलं होतं. मुंबईत सहलीचं पंचांग म्हणजे हेच.

पुऱ्या खाल्ल्या भायखळा स्टेशनच्याच एका बाकावर. लोक धावत लोकल पकडतात आणि हे स्टेशन बघायचं राहून जातं. पहिली रेल्वे धावली त्या १८५३ सालापासूनचं हे स्टेशन. अलीकडे त्याची इतकी नीट डागडुजी झाली की २०२२ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. थोरलीने मान वर करून छत पाहिलं आणि विचारलं, हे पण बघायला तिकीट होतं का? होतं, म्हटलं, लोकलचंच.

बागेत पेंग्विनपाशी धाकट्याने काचेला नाक लावलं ते पंधरा मिनिटं काढलं नाही. काचेवर त्याच्या श्वासाचा गोल धुरकट ठसा उमटायचा, तो शर्टाच्या बाहीने पुसायचा आणि पुन्हा नाक टेकवायचा. एक पेंग्विन पाण्यात सूर मारून नेमका त्याच्यासमोर वर आला, तर हा दचकून मागे पडला आणि मग सगळ्या रांगेला सांगत सुटला की तो मला ओळखतो. थोरलीला जनावरांपेक्षा घोडा आवडला, काळा घोडा. काळा घोडा चौकातून हलवलेला, राजासकट मूळ पुतळा १९६५ पासून या बागेत आहे हे तिच्या बाबांनी सांगितल्यावर तिने लगेच विचारलं, मग त्या चौकात आता काय आहे? तिथे २०१७ साली नवा घोडा बसवला, त्याच्यावर राजा नाही. हे ऐकून ती खूश. नुसता घोडाच बरा, म्हणाली.

आता हिशेब, कारण पत्राचं खरं कारण तो आहे.

राणीच्या बागेत मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५. चौघांचे सुटे घेतले तर दीडशे. पण तिथे एक वेगळं तिकीट आहे: आई, वडील आणि दोन मुलं मिळून १००. महापालिकेने २०१७ साली दर वाढवले तेव्हा पाच रुपयांचे पन्नास केले म्हणून ओरड झाली होती, तीही रास्तच. पण त्याच वेळी कोणीतरी टेबलाशी बसून एवढा विचार केला की बागेत माणूस एकटा येत नाही, घर येतं. तो कोण अधिकारी होता मला माहीत नाही. असेल तिथे सुखी असो.

मालाड ते भायखळा लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट १० रुपये, थोरलीचं अर्धं ५, धाकट्याचं नाही. चौघांचे जायचे २५, यायचे २५. म्हणजे पन्नास रुपयांत आम्ही पंचवीसेक किलोमीटर गेलो आणि परत आलो.

आणि आमच्या दारातून मालाड स्टेशन, साधारण साडेतीन किलोमीटर? एसी बसचं किमान भाडं १२. आम्हा दोघांचे २४, थोरलीचे ६. जायचे ३०, यायचे ३०, एकूण साठ. अख्ख्या मुंबईतून नेणाऱ्या लोकलपेक्षा दारातून स्टेशनपर्यंत नेणारी बस महाग पडली. लोकल केंद्राच्या जिवावर स्वस्त आहे आणि बेस्टला तसं पाठबळ नाही, हे मला कळतं. ती तुलना मी करत नाही. मला दुसरी करायची आहे.

मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. त्याच दीड किलोमीटरला आमचं चौकोनी कुटुंब तुमच्या एसी बसमध्ये चढलं तर ३० रुपये. रिक्षा दारात येते, थांबायला लागत नाही, मूल मांडीवर झोपतं, आणि वर चार रुपये वाचतात. साडेतीन किलोमीटरला रिक्षा साठच्या घरात जाते, बस तीसच राहते, तिथे बस स्वस्त आहे. पण हातात पिशवी, कडेवर पोर आणि डोक्यावर ऊन असताना तीस रुपयांच्या फरकासाठी किती आया स्टॉपवर उभ्या राहतील? एकट्या माणसाला बस रिक्षाच्या निम्म्याहून स्वस्त आहे. घर म्हणून निघालं की तो फायदा वितळून जातो. कारण रिक्षावाला गाडी मोजतो, तुम्ही डोकी मोजता.

रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय आणायचा नाही मला. पण जे कुटुंब दीड किलोमीटरला रिक्षा करतं, त्याच्याकडून बेस्टला किती मिळतात? शून्य.

दर कसे चढले-उतरले ते तुम्हाला मी काय सांगणार. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचं किमान भाडं आठाचं पाच आणि एसीचं वीसचं सहा झालं, तेव्हा काही महिन्यांत रोजचे प्रवासी तीस लाखांच्या पुढे गेले होते. लोक बसकडे पाठ फिरवतात ते सवयीने नाही, हिशेबाने, हे तेव्हा दिसलं. मग ९ मे २०२५ पासून पाचाचे दहा आणि सहाचे बारा झाले, दिवसाचा पास साठवरून पंचाहत्तरवर गेला. तोटा आहे, गाड्या कमी झाल्यात, महापालिका आणि परिवहन प्राधिकरण दोघांच्या मंजुरीने वाढ झाली, सगळं मान्य. एकेकाळी चार हजारांहून अधिक गाड्या रस्त्यावर असायच्या, आता तीन हजारही नाहीत. अशा दिवसांत सवलत मागणाऱ्या बाईकडे तुम्ही कोणत्या नजरेने पाहाल याची कल्पना आहे मला. तरी मागते.

मागणं एवढंच. रविवारी, सरकारी सुट्टीच्या दिवशी आणि शाळांच्या दिवाळी-उन्हाळी सुट्टीत चालणारा, दिवसभराचा, घराचा एक पास. दोन मोठी माणसं, दोन मुलं. किंमत शंभर रुपये, राणीच्या बागेइतकीच. सगळ्या मार्गांवर, साधी-एसी भेद न करता.

शंभरच का? मोठ्यांचे दोन दैनिक पास घेतले तर आज दीडशे होतात, मुलांची तिकिटं वेगळी. दीडशे देऊन एका रविवारी फिरणारं कुटुंब मला आमच्या वसाहतीत एकही माहीत नाही. शंभर देणारी मात्र चटकन दहा घरं सांगेन. आणि खरं सांगायचं तर शंभराची एक नोट काढून देणं सोपं असतं. हिशेब करून तीस, मग पन्नास, मग परत तीस असे खिशातून जायला लागले की बापाचा चेहरा चौथ्या बसला उतरतो, आणि मूल कुल्फी मागायला घाबरतं.

हे जगावेगळं नाही. आपल्या एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि महाराष्ट्र पालथा घालायचा. माझ्या मामाने त्या पासावर आख्खी अष्टविनायक यात्रा केली होती आणि उरलेल्या दिवसांत तो नुसताच बसमध्ये बसून औरंगाबादला जाऊन आला. का, तर पास होता म्हणून! व्हिएन्नात पंधरा वर्षांच्या आतली मुलं रविवारी, सणाच्या दिवशी आणि शाळेच्या सुट्टीत शहरातल्या बस-ट्रामने फुकट फिरतात. श्रीमंत देश आहे तो, सोडून द्या. हैदराबाद तर आपल्यासारखंच आहे. तिथल्या परिवहन महामंडळाने २०२३ साली शनिवार-रविवार आणि सुट्टीसाठी चार जणांचं २४ तासांचं कुटुंब तिकीट काढलं होतं, तीनशे रुपयांना. वर्षभरात ते बंद पडलं. महिलांना मोफत प्रवास सुरू झाल्यावर शून्य रुपयांची तिकिटं फाडण्यातच कंडक्टरचा वेळ जायला लागला, त्यात ह्या तिकिटासाठी ओळखपत्रं तपासायची, ते कुठून जमणार. बंद पडण्याचं कारण नीट वाचलं तर आपल्या कामाचं आहे.

म्हणून हात जोडून सांगते, ओळखपत्र मागू नका. पासावर ‘आई-वडील’ लिहू नका, ‘दोन मोठे, दोन लहान’ एवढंच लिहा. आमच्या मजल्यावर एक मुलगी आजी आणि मावशीजवळ वाढते आहे. समोरच्या इमारतीत एक बाबा एकटाच दोन मुलं सांभाळतो, त्याच्याबरोबर कधी शेजारची ताई जाते. घराची व्याख्या करायला लागलात की फॉर्म आला, फॉर्म आला की फोटो आला, आणि मग तो पास काढायला डेपोत जाण्याचीच एक सहल होईल. कुणी शेजारच्या मुलांना आपली म्हणून नेईल, ही भीती वाटते का? नेऊ दे. त्यांनाही पेंग्विन दिसतील.

यंत्रणेचं म्हणाल तर असली योजना तुम्हाला जमते, हे आम्ही पाहिलंय. २०२२ च्या दिवाळीत मोबाइलवर नऊ रुपयांत पाच फेऱ्या दिल्या होत्या तुम्ही. तेव्हा लोकांनी मोबाइल काढून काढून दाखवले कंडक्टरला. फक्त हा पास कंडक्टरच्या यंत्रातूनही निघावा, कारण सासूबाईंच्या फोनला बटणं आहेत.

सहलीसाठी बस, ही कल्पनाही बेस्टला नवी नाही. माझ्या लहानपणी रविवारी बोरिवली स्टेशनहून बेस्टची बस राष्ट्रीय उद्यानातून थेट कान्हेरीच्या पायथ्याशी जायची. पहिली खिडकी मिळावी म्हणून आम्ही भावंडं स्टॉपवर वडिलांच्या पायांमधून पुढे घुसायचो. गेटपासून कान्हेरी पाच-सहा किलोमीटर, चढाचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंनी झाडं खिडकीवर फटाफट आपटायची. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. कोरणाऱ्यांनी पाणी साठवायला खडकात टाकी खोदली, एका टाक्यातून दुसऱ्यात पाणी जाईल असे पाट काढले. वडील प्रत्येक वेळी तेच दाखवायचे आणि म्हणायचे, दोन हजार वर्षांपूर्वी यांना पाणी अडवायचं कळत होतं. वडील पाणी खात्यात होते, म्हणून त्यांना मूर्ती कमी दिसायच्या आणि पाट जास्त. लेण्यांत पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, आजही.

आता आमच्या दिंडोशीहून राष्ट्रीय उद्यान मेट्रोने सहावं स्टेशन. गाडी गार, झकास. पण मेट्रोत अर्धं तिकीट हा प्रकार नाही. मुलाची उंची नव्वद सेंटिमीटरच्या वर गेली की तो मोठा माणूस. आमच्या थोरलीला हे ऐकून भारी वाटलं होतं, बाबांना कमी. एका घराचा पास तुम्ही काढलात तर मेट्रोवालेही खजील होऊन काढतील, अशी एक छुपी आशा आहे माझी. ती तुम्ही वाचली नाहीत असं समजा.

आणि तुमच्या घरातलंच एक ठिकाण तर मुंबईतल्या कितीतरी आई-बापांना ठाऊक नाही. आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकिटाची यंत्रं, आणि प्रवेश फुकट. ज्या मुलाला बसच्या पुढच्या काचेपाशी उभं राहून ड्रायव्हरचे हात बघायला आवडतं, त्याच्यासाठी ते पेंग्विनच्या बरोबरीचं आहे. आमचा धाकटा गेल्या महिन्यात तिथून आल्यापासून घरात ट्रामचा कंडक्टर झालाय. मी स्वयंपाकघरातून बाहेर जायचं तर तिकीट, आत यायचं तर तिकीट. आजी मात्र फुकट. हा नियम त्याने स्वतः केला.

काळही बरा आहे. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला निघाली. म्हणजे जुलै २०२६ मध्ये शंभर वर्षं. तुमच्याकडे समारंभ होईल, टपाल तिकीट निघेल, एखादी जुनी डबलडेकर सजवून फिरवाल. जरूर करा, आम्ही मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहू. पण त्याच दिवशी हा पास सुरू झाला तर त्याच दुपारी आम्ही चढूही. सुरुवातीला एखाद्या सुट्टीपुरता करून पाहा. दिंडोशी, गोराई, मुलुंड असे लांबचे तीन-चार डेपो घ्या, जिथून कुठेही जायचं म्हटलं की आधी स्टेशन गाठावं लागतं. नाही जमला तर बंद करा, मी दुसरं पत्र लिहिणार नाही.

जमला तर आणखी एक काम करा. पासाच्या मागच्या बाजूला दोन ओळी छापा. राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, बुधवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुऱ्या, चादर आणि तीन बाटल्या घेऊन भायखळ्याच्या बंद फाटकासमोर उभे होतो, बुधवार होता, आणि चूक माझीच होती. थोरलीने फाटकाच्या गजांतून पाहून धाकट्याला सांगितलं, आज पेंग्विनची सुट्टी आहे. त्याला ते पटलं. मग आम्ही स्टेशनच्या त्याच बाकावर परत जाऊन पुऱ्या खाल्ल्या.

आपली,
दिंडोशी डेपोपासून पाच मिनिटांवर राहणारी एक प्रवासी